रामबाण म्हणायची घाई नको

सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेल्या बेफाम प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागणं. शरीराचा हा दाह दाबला की पेशंट वाचतो, असा तुमच्याकडच्या सेप्सिसवरच्या लेखाचा सूर आहे. मी मुंबईत आयसीयूत नर्स आहे, म्हणून राहवलं नाही. ही आशा जुनीच. १९९०च्या दशकात टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन रोखणाऱ्या अँटीबॉडीज आल्या, पदरी फारसं काही पडलं नाही. झिग्रिस हे सेप्सिसवरचं महागडं औषध अमेरिकेत २००१मध्ये मंजूर झालं. २०११मध्ये कंपनीनेच ते मागे घेतलं. व्हिटॅमिन सीचा केवढा गाजावाजा! २०२२च्या लोव्हिट नावाच्या औषध-चाचणीत ते उलट अंगाशी आलं.

टिकलं कोण, तर स्वस्तातलं स्टेरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन. दिवसाला २०० मिलिग्रॅम, तेही बीपी वाढवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चढवूनसुद्धा बीपी धरत नसेल तेव्हा. २०१८च्या अ‍ॅड्रेनल नावाच्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले नाहीत, पण शॉक, म्हणजे सेप्सिसमुळे बीपी कोसळणं, लवकर ओसरला. शुगर मात्र उसळते, मग सारखं बोट टोचत बसा.

पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचे) पेशंट शॉकमध्ये येतात तेव्हा रक्तपुरवठा कमी पडून गुडघ्यांवर जांभळट जाळी दिसते, लघवीची पिशवी जवळजवळ रिकामी असते. तेवढ्यात नातेवाईक मोबाइल पुढे करतात, "सिस्टर, हे नवीन इंजेक्शन का नाही देत?" त्यांचा काय दोष, मथळेच तसे असतात. शॉकमध्ये अँटिबायोटिक तासाभराच्या आत जायला हवं, सलाइन आणि संसर्गाचं मूळ शोधणं त्याच्या जोडीला. लेखात हे सगळं एका ओळीत उरकलंय. लेखकाने पुढचा लेख त्यावरच लिहावा.