खात्यात पैसे आले, गाडी मात्र आली नाही

माझ्या बारावीच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या आईला लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात. मुलीच्या गावाहून कॉलेजला यायला वडापवाला, म्हणजे माणशी भाडं घेणारा खाजगी जीपवाला, ३० रुपये घेतो. जाऊन-येऊन ६० झाले. महिन्यात पंचवीस दिवस कॉलेज धरा, बरोबर १५०० होतात. सकाळची एसटी चालू असती तर या मुलीला एक रुपयाही खर्च आला नसता, कारण अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे. पास तिच्या दप्तरात आहे. गाडीच नाही, तर तो दाखवायचा कुणाला?

हा हिशोब मी परवा फळ्यावर नाही, माझ्या वहीत मांडला आणि तेव्हापासून डोकं भणभणतंय. म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लोक लगेच म्हणतील की मॅडमचं पोट भरलेलं आहे, म्हणून त्यांना गरिबाच्या पैशांचं दुखतंय. मला ते १५०० रुपये अजिबात खुपत नाहीत. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या पट्ट्यात बाईच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे कधी नव्हते. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायचं, मजुरी नवऱ्याच्या हातात द्यायची आणि पोराच्या वहीसाठी परत त्याच्याकडेच मागायचं, हे मी घराघरांत पाहिलंय. त्या बाया बँकेत जातात, स्वतः अंगठा लावतात, स्वतः पैसे मोजून घेतात. ते पाहून मला आनंद होतो. तेव्हा योजना बंद करा असं मी म्हणत नाही, म्हणणारही नाही.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका हाताने खात्यात पैसे टाकायचे आणि दुसऱ्या हाताने गावातली गाडी, दवाखान्यातलं औषध, शाळेतला मास्तर काढून घ्यायचा. मग तेच पैसे जीपवाल्याला, खाजगी डॉक्टरला आणि क्लासवाल्याला द्यायचे. आईच्या हातात महिनाअखेरीला उरलं काय?

एसटीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण मी त्याच घरातली आहे. माझे वडील वाहक होते. १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, हे आम्हाला शाळेच्या पुस्तकाआधी घरात पाठ झालं होतं. खांद्याला चामड्याची बॅग, हातात तिकिटांचा ट्रे आणि तो पंच. ड्युटीवरून आल्यावर वडील रात्री कंदिलाखाली हिशोब जुळवायचे आणि आम्ही नाण्यांच्या चळती लावायचो. त्यांची सगळ्यात आवडती ड्युटी म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात जायचं, गाडी देवळापुढे लावायची आणि पहाटे सहाला तिथून निघायचं. चालक-वाहकाला कुणाच्या तरी घरून भाकरी यायची. पहाटेच्या त्या गाडीत दुधाच्या किटल्या असायच्या, तालुक्याला भाजी विकायला निघालेल्या बाया असायच्या, कोर्टाची तारीख असलेला म्हातारा असायचा, दहावी-बारावीची पोरं असायची आणि एखादी अवघडलेली बाई असायची. वडील सांगायचे, मुक्कामी गाडीला उशीर झाला तर अख्ख्या गावाचा दिवस बिघडतो.

आता असं कितीतरी गावांत झालंय की मुक्कामी गाडी बंद आहे आणि फलकावरची वेळ तेवढी तशीच आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, तेव्हा थांबलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच परत आल्याच नाहीत. त्यातून सावरतोय तोच नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ असा लांबलचक संप झाला. एसटीचं राज्य सरकारमध्ये विलिनीकरण करा, ही मागणी होती. त्या काळात कर्मचाऱ्यांनी आत्महत्या केल्या. शेवटी उच्च न्यायालयाने २२ एप्रिलपर्यंत कामावर या असं सांगितलं आणि माणसं खाली मान घालून परत आली. विलिनीकरण झालंच नाही. या सगळ्या काळात लोकांना वडापची सवय लागली. जीपमध्ये दहाच्या जागी सोळा जण बसवतात, पोरी दारात लटकतात. अपघात झाला तर विमा कुणाचा, हे विचारायलाही कुणी नसतं.

या मुद्द्यावर आले की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो मॅडम, एसटी तोट्यात आहे, तोट्यातला धंदा कुठवर चालवायचा?" तोटा आहे, हे खरंच आहे. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली. त्यात साठलेला तोटा १० हजार कोटींच्या वर गेल्याचं आणि गेल्या ४५ वर्षांत फक्त ८ वर्षं नफा झाल्याचं सरकारनेच सांगितलं. पण तो तोटा आला कुठून, हेही बघा ना. आपण काढतो त्या तिकिटावर १७.५ टक्के प्रवासी कर लागतो, तो राज्य सरकार घेतं. गाडीत डिझेल भरलं की त्यावर सरकारचा कर आहेच. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास ऑगस्ट २०२२ पासून सुरू झाला, महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मार्च २०२३ पासून. दोन्ही निर्णय चांगले. माझी सासू त्या सवलतीमुळे पहिल्यांदा एकटी पंढरपूरला जाऊन आली. पण त्या सवलतीचे पैसे सरकारने एसटीला भरून द्यायचे असतात. ते वेळेवर आणि पूर्ण मिळाले नाहीत तर आधी कामगाराचा पगार अडतो, मग स्पेअर पार्ट अडतात आणि शेवटी कुठल्या तरी वाडीची फेरी रद्द होते.

एप्रिल २०२५ मध्ये नेमकं हेच झालं. एसटीच्या कामगारांच्या हातात मार्चचा पगार पडला तो ५६ टक्के. ५६ टक्के! महागाई शंभर टक्के, घरभाडं शंभर टक्के, पोराची फी शंभर टक्के. ऊन-पावसात घाटातून पन्नास-साठ जीव सुखरूप आणणाऱ्या माणसाला महिनाभर राबल्यावर आपण अर्ध्याहून थोडा जास्त पगार दिला. बोंबाबोंब झाल्यावर उरलेले पैसे आले. पण त्याच्या आधीच, २५ जानेवारी २०२५ पासून, तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढवलं होतं. म्हणजे प्रवाशाने जास्त दिले, तरी कामगाराला पुरेना. फेब्रुवारीत पुण्यात स्वारगेटला उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. तेव्हा आठवडाभर सगळ्यांना एसटी आठवली. आगारांमधल्या बंद गाड्या, अंधार, सुरक्षारक्षक, सगळ्यावर बैठका झाल्या. आमच्या पोरींना आजही अंधारात फाट्यावर उभं राहावं लागतं.

बरं, राज्याकडे पैसा नाही म्हणावं तर तसंही नाही. ज्या जूनमध्ये श्वेतपत्रिका आली, त्याच जूनमध्ये मंत्रिमंडळाने शक्तिपीठ महामार्गासाठी २० हजार ७८७ कोटींना मंजुरी दिली. तेव्हाच्या आराखड्यात नागपूर ते गोवा, ८०२ किलोमीटर, १२ जिल्ह्यांतून. कोल्हापूरचे शेतकरी जमिनी द्यायला तयार नाहीत, आमच्या सांगली-सोलापूरकडचेही रस्त्यावर उतरलेत. मला रस्त्यांचं वावडं नाही. पण एसटीचा सगळ्या वर्षांचा मिळून साठलेला तोटा एका पारड्यात घातला तर या एका मंजुरीचं पारडं दुपटीने जड होतं. त्या महामार्गावर माझ्या विद्यार्थिनीच्या गावचा थांबा असणार आहे का?

मार्च २०२५ चा अर्थसंकल्प मी टीव्हीपुढे बसून ऐकला. राज्यावरचं कर्ज वर्षअखेरीस ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार, महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. निवडणुकीच्या जाहीरनाम्यात लाडकी बहीणचे १५०० वाढवून २१०० करू म्हणाले होते, त्याचा त्यात पत्ता नव्हता. या योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले होते. आणि मे महिन्यात बातमी आली की या योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळवले. सामाजिक न्याय मंत्र्यांनी स्वतः जाहीर नाराजी बोलून दाखवली. ते पैसे कुणाचे होते? मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहांचे, शिष्यवृत्त्यांचे, आश्रमशाळांचे. म्हणजे एका बहिणीच्या पोराच्या ताटातलं काढून दुसऱ्या बहिणीच्या खात्यात टाकलं. ठेकेदारांची बिलं थकलीत, म्हणून कित्येक ठिकाणी पाण्याच्या टाक्या अर्धवट उभ्या आहेत. सणासुदीला रेशनवर स्वस्तात मिळणारा आनंदाचा शिधा बंद पडला.

दवाखान्याचं तर विचारूच नका. नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस एका दिवसात २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये ठाण्यात कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८. चौकश्या झाल्या, अहवाल आले. आमच्याकडे शेजारच्या काकूंना मध्यंतरी एका सरकारी दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर चांगले होते, खोटं कशाला बोलू. पण सलाईनची सुई सोडली तर सगळं बाहेरून आणायला सांगितलं. काकूंचा मुलगा कागद हातात घेऊन मेडिकलवर पळत गेला. बिल झालं १४०० च्या आसपास. काकूंचा त्या महिन्याचा हप्ता तिथे संपला.

आणि दाद मागायची कुणाकडे? पूर्वी जिल्हा परिषदेचा सदस्य असायचा, पंचायत समितीचा असायचा. माणूस कसाही असो, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं. मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले, निवडणुका पुढे ढकलत गेल्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. एवढी वर्षं गावाच्या बाजूने बोलायला निवडून दिलेलं माणूसच नव्हतं. साहेब बदलून जातात, त्यांना मुक्कामी गाडी माहीत असायचं कारण नाही.

गावाकडची माणसं चिडत नाहीत, असं शहरातल्या मित्रमंडळींना वाटतं. चिडतात हो. आमच्या भागातली निम्मी घरं मुंबईत माथाडी कामाला किंवा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. मागे राहिलेली माणसं म्हातारी आहेत, बाया आहेत, शिकणारी पोरं आहेत. चिडून ती काय करतात माहितीये? मुलीचं कॉलेज बंद करतात. हे मी माझ्या डोळ्यांनी बघते. दहावीला ८० टक्के मिळवलेली पोरगी अकरावीच्या दिवाळीनंतर यायची बंद होते. घरी गेलं की आई म्हणते, "मॅडम, वडापात रोज अंधाराचं कुणाच्या भरवशावर पाठवू?" आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्नाची पत्रिका येते. हे नुकसान कुठल्याच श्वेतपत्रिकेत धरलेलं नसतं.

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या एसटी गाड्या आठवा. राज्यातल्या १२५ तालुक्यांत मुलींसाठी त्या सुरू केल्या होत्या आणि जिथे त्या नीट चालल्या तिथे पोरी शिकल्या. तेव्हा सरकारला हे जमत नाही असं कुणी सांगू नये. जमतं. प्राधान्य द्यायचं की नाही एवढाच प्रश्न आहे.

म्हणून मागणं काय ते लिहिते. एसटीवरचा प्रवासी कर रद्द करा. सवलतींचे पैसे दरमहा पगाराआधी पूर्ण द्या. ज्या गावात बारावीपर्यंतची शाळा-कॉलेज नाही, त्या गावची सकाळची आणि संध्याकाळची फेरी भारमान, म्हणजे किती सीट भरल्या ते, न बघता चालवा, तोटा राज्याच्या तिजोरीतून भरा. सात रिकाम्या सीट गेल्या तरी चालतील. त्या गाडीतून एक मुलगी बारावी झाली तरी राज्याचे पैसे फुकट गेले नाहीत.

आपल्या हातात काय आहे, तेही सांगते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, या ग्रामसभांना बायांनी आणि पोरींनी उठून बोलायचं. बंद पडलेल्या फेऱ्यांची यादी करायची: कुठली गाडी, किती वाजताची, कधीपासून बंद, तिच्यावर किती मुलं अवलंबून. त्याचा ठराव लिहून घ्यायचा, प्रोसिडिंगवर नोंद झाली का ते बघायचं आणि एक प्रत आगार व्यवस्थापकांना, एक विभाग नियंत्रकांना, एक आमदारांना द्यायची. प्रत्येक ठिकाणी पोच घ्यायची. पोचेशिवाय परत यायचं नाही. आमच्या कॉलेजच्या मुलींनी आजूबाजूच्या गावांच्या याद्या करायला घेतल्यात. ठरावाचा नमुना मी तयार केलाय. ज्यांना हवा असेल त्यांनी खाली गावाचं आणि तालुक्याचं नाव लिहा, रात्री कॉलेजची कामं आटोपली की एकेकाला पाठवते.