गोळ्या फुकट, मजुरीचं काय?
अमेरिकेत रायन व्हाइट या सरकारी कार्यक्रमाच्या ‘भाग डी’तून गरीब घरच्या बायका-मुलांच्या एचआयव्ही उपचारांना, अख्खं कुटुंब धरून, अनुदान मिळतं हे एका लेखात वाचून बरं वाटलं. आपल्याकडे सरकारी केंद्रांत एआरटीच्या, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या, गोळ्या २००४ पासून फुकट आहेत. घोडं अडतं पुढेच. केंद्रात जायची आईची तारीख वेगळी, लेकराची वेगळी. एसटीत बाईला अर्धं तिकीट असलं तरी ऐन कापूस वेचणीत मजुरी पूर्ण बुडते. संजय गांधी निराधार योजना या आजारालाही लागू आहे, पण अर्ज घेऊन गावातून फिरायचं म्हणजे दवंडी पिटणंच! मग कित्येक जणी अर्जच करत नाहीत. आमच्या यवतमाळकडे असं अनुदान आलंच, तर आधी मायलेकरांची तारीख एक करा अन् समुपदेशकाचा पगार वेळेवर द्या. इमारती नंतर बांधा.