उड्डमेथीत कसुरी मेथी!

उड्डमेथी म्हणजे आमचं गोव्याचं बांगड्याचं कालवण, त्यात उडीद आणि मेथीदाणे. नावातच सगळं सांगून ठेवलंय, अजून काय हवं? मेथी तेलात जराशी जास्त तांबूस झाली की अख्खं कालवण कडू जहर, म्हणून आमची आई तेवढा वेळ कुणाला स्वयंपाकघरात फिरकू द्यायची नाही. आणि काल पणजीतल्या एका 'अस्सल घरगुती गोवन' हॉटेलात त्याच नावाने काय आलं? वाटीभर क्रीम आणि वर चुरडलेली कसुरी मेथी. पाला! "उडीद कुठे गेले?" म्हणून विचारलं, तर वेटर म्हणतो, "सर, आत असतील." असतील! मी तळापर्यंत ढवळलं. एक दाणा सापडेल तर शपथ. बांगडा म्हणून जो बिनकाट्याचा तुकडा तरंगत होता, तो पांढराशुभ्र. बांगडा एवढा गोरा कधीपासून झाला?

वर आमचे पुण्याचे साडू बोटं चाटत म्हणतात, "याला म्हणतात खरं गोव्याचं जेवण!" टेबलाखाली बायकोने पाय दाबला म्हणून गप्प बसलो.

त्यात बाहेर खडूने लिहिलेलं, 'आजचा ताजा इसवण', म्हणजे सुरमई. जुलैत! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर जेटीला बांधलेले, आणि यांचा इसवण काय मांडवीतून चालत आला? आमच्याकडे या दिवसांत मे महिन्यात भरून ठेवलेलं पुरुमेंत निघतं. सुके बांगडे भाजायचे, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर, वर ओलं खोबरं. ती मात्र 'घरगुती' मेन्यूत औषधालाही नाही, कारण एसीत वास येतो म्हणे.

सोलकढी तर बघवत नव्हती. आमसुलांचा असा बबलगमी गुलाबी रंग मी तरी जन्मात पाहिला नाही. भात बासमती, उकडे तांदूळ मागितले तर "दॅट इज फॉर स्टाफ, सर." म्हणजे खरं घरगुती जेवण त्या हॉटेलात मागच्या दाराशी बसून स्टाफ जेवतो! मागे एका ठिकाणी तिरफळं घातलेल्या हुमणात, म्हणजे माशाच्या आमटीत, कांदा-लसूण सापडला होता. विंदालूत बटाटा तर आता कायमचाच रहिवासी. आणि भिंतीपाशी वॉर्निश मारलेला, वाटण वाटायचा दगडी रगडो, त्यात मनीप्लँट. वाटण पाकिटातलं!

आचाऱ्यावर माझा राग नाही. त्या पोराला कुणी उड्डमेथी खायलाच घातली नसेल. मेन्यूवर 'आजीच्या हातची चव' छापणारा मालक मात्र इथलाच, त्याला आजी होतीच की.

घरी येऊन तासभर बडबडलो. बायको म्हणाली, "उद्या तुम्हीच करा, नारळ खोवण्यापासून." आता खरं सांगायचं तर आमचाही रगडो परसात पावसाचं पाणी साठवतो, वाटण मिक्सरवर होतं, आणि नारळाचे भाव ऐकल्यापासून खोबऱ्याला माझाच हात आखडतो. रात्री सोडा पिऊन मेन्यूचा फोटो मोठा करकरून शुद्धलेखनाच्या चुका मोजत बसलेला माणूस मीच.

म्हणून काय क्रीम घालायची? 'हॉटेल स्टाइल' छापा, क्रीम घाला, चीज घाला, मी निमूट खाईन, बिलही देईन. फक्त ती आजी मेन्यूवरून काढा. आणि स्टाफच्या टोपातला भात वाढा.