खडकीचं काडतूस आणि काच पुसायचा स्प्रे

माझ्या साडूने ह्यूस्टनमध्ये जुनी ली-एनफील्ड रायफल घेतली. सोबत .३०३ची लष्करी काडतुसं, बुडावर 'केएफ' (किरकी फॅक्टरी) म्हणजे आपल्या पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का. मग कुणीतरी त्याला तो फिरता मेसेज पाठवला: "पितळी काडतुसाला लोहचुंबक चिकटत नसेल तर नळी गंजत नाही. गंजलीच तर काच पुसायच्या स्प्रेतला अमोनिया गंज मारतो. सीलबंद डबा शंभर वर्षं टिकतो. चाप ओढून नुसता 'टक्' झाला तर पटकन बोल्ट उघडा, दुसरी गोळी घ्या." साडूला सगळं पटलं होतं.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात डोळा जाईल. काडतुसाच्या बुडात ठिणगी पाडणारी टोपी असते; ती जुनी झाली की कधी मंद पेटते. दारू उशिरा धरते, गोळी क्षणभराने सुटते. खडकीचं जुनं .३०३ याच खोडीसाठी नेमबाजांत बदनाम आहे (पुणेकर असून लिहावं लागतंय). 'टक्' ऐकून लगेच बोल्ट, म्हणजे नळीमागचं दार, उघडलात तर तेच काडतूस तुमच्या तोंडापुढे फुटू शकतं. नळी निशाण्याकडेच राहू द्या, निदान ३० सेकंद मोजा, मग उघडा. आणि बार नुसताच 'फुस्स' झाला तर थांबा. रायफल रिकामी करून नळीतून आरपार दिसतंय का बघा. आधीची गोळी आत अडकलेली असेल तर तिच्यामागून सुटलेली गोळी नळी फोडते.

आता गंज. त्याचा चुंबकाशी काय संबंध? दोष टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटचा. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात मिठाची बरणी ओलावते तशी मग नळी ओलावते. अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सच्या विल्बर्ट हफ यांनी हे १९२२ मध्येच मांडलं, आणि त्यांच्या अहवालाच्या नावातच 'तेलाच्या थराखालचा गंज' आहे. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. स्प्रेने फायदा होतो, मान्य, पण तो त्यातल्या पाण्याचा. मग किटलीभर गरम पाणीच ओता की! नळी कोरडी करा, तेल त्यानंतर.

अमोनियाचं तर उलटंच आहे. इंग्रजांच्या काळात आपल्याकडे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या काडतुसांच्या पितळेला चिरा पडायच्या. कारण उलगडलं १९२१ मध्ये: घोड्यांच्या मुतातला अमोनिया. आणि आमचे साडू त्याच स्प्रेने काडतुसं चकचकीत करायला बसले होते!

सीलबंद डब्याचं अर्धं खरं आहे. थंड, कोरड्या जागी काडतुसं कित्येक दशकं टिकतात. पण डबा मधली वर्षं कुठे तापत पडला होता, ते डब्यावर लिहिलेलं नसतं. आंबट वास, हिरवा थर, गळ्याशी चीर यांपैकी काहीही दिसलं तर ते काडतूस बाद.

शेवटी रेंजवर जाऊन एका काडतुसाची गोळी उपसली. आत कॉर्डाइट या दारूच्या काड्या, थेट शेवयांसारख्या. त्या काढून उरलेलं काडतूस रायफलमध्ये घातलं, नळीपुढे घासून लख्ख केलेला पोलादी पत्रा ठेवला आणि नुसती टोपी उडवली. नळी लगेच धुतली. पत्रा मात्र साडूने तसाच रात्रभर ह्यूस्टनच्या दमट हवेत ओसरीवर ठेवला. सकाळी त्याचा फोटो आला. पत्र्यावर तपकिरी पुरळ उठलं होतं, आणि खाली या वेळी एक शब्दही नव्हता.