अलिबागला गाडी कशाला?

आज सकाळपासून वडखळच्या नाक्यावरचे, म्हणजे गोव्याच्या रस्त्याला अलिबागचा फाटा फुटतो तिथले, फोटो येतायत. गाड्यांच्या लाल दिव्यांची रांग, मागच्या सीटवर घामेजून झोपलेलं पोर, खाली एकच ओळ: 'अलिबागला निघालोय, अजून वडखळलाच.' सुट्ट्या जोडून आल्या की दरवेळी हेच! पोराकडे बघून जीव तुटतो आणि आईबापांचा राग येतो.

अहो, गेटवेहून लाँच पाऊण-एक तासात मांडव्याला लागते. बऱ्याच कंपन्यांच्या तिकिटात पुढची अलिबागची बसही धरलेली असते. म्हणून तिकीट फेकू नका, बसमध्ये दाखवावं लागतं. धक्क्यावर फोटो काढत रेंगाळूही नका. बस त्या बोटीच्या माणसांसाठीच उभी असते, ती गेली की रिक्षावाल्याशी घासाघीस आली. परतीची बस बोटीच्या बरीच आधी अलिबागहून निघते, ती वेळ उतरल्या उतरल्या विचारून ठेवा. रविवारी शेवटच्या बोटीवर भिस्त नकोच, दुपारची धरा.

'आता अटल सेतू आहे की!' आहे ना, जानेवारी २०२४ पासून. शिवडीहून चिर्ल्याला भुर्रकन पोचाल. पण पुढे पेण आणि वडखळ चुकतं का? गोव्याकडे जाणारे, अलिबागकडे वळणारे, मालाचे ट्रेलर, सगळे तिथेच येऊन तुंबतात. वळल्यावर पोयनाड, कार्लेखिंड. पुढे एक गाडी भाजी घ्यायला कडेला अर्धवट थांबली की मागे सगळं ठप्प. टोल भरून वाचवलेला वेळ वडखळला उधळायचा, हा कुठला हिशेब?

आणि ते पोर! त्याला कुलाबा किल्ला दाखवायचा असणार. तिथे चालत जाता येतं ते ओहोटीला, आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. ती कुणाच्या गाडीसाठी थांबत नाही. निघायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि त्यावरून बोट ठरवा.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असतात, मान्य. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्याही चढवून नेणारी मोठी बोट असते, फक्त हवा बिघडली तर फेरी रद्द होते, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. गाडीशिवायही तिच्यात बसता येतं, हे कितीजणांना ठाऊकच नसतं. घरात चालता न येणारं माणूस असेल तर गाडी न्या, कोण नाही म्हणतंय? पण रो-रोवर चढवून न्या.

पनवेलहून एसटी आहेच. महिलांना अर्धं तिकीट, ७५ वर्षांवरच्यांना मोफत. वडखळला तीही अडकते, खोटं कशाला बोलू. पण एका एसटीत चाळीस माणसं जातात, तेवढ्यांच्या दहा गाड्या होतात. रेल्वेने पेणपर्यंत येऊन पुढे एसटी पकडता येते, मात्र गाड्या मोजक्या, वेळ बघूनच निघा.

एवढं सांगूनही रस्त्यानेच जाणार असाल तर पहाटे पाचच्या आत पनवेल सोडा आणि पोरासाठी पाणी, खाऊ हाताशी ठेवा, डिकीत नको.