‘धुणार कोण?’ – एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डॉक्टर,

जपानमधल्या छोट्या दवाखान्यांच्या इंटिरियरवर मी लिहिलं त्याखाली तुमची भली मोठी प्रतिक्रिया वाचली. नाव दिलेलं नाहीत, नुसतं ‘एक प्रॅक्टिसिंग डॉक्टर’, म्हणून डॉक्टरच म्हणते. लगेच उत्तर दिलं नाही कारण तेव्हा लिहिलं असतं तर माझीही भाषा घसरली असती.

ज्यांनी ती कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डॉक्टरांचं म्हणणं, लाकूड, चटया, कागदी दारं हे फोटोत छान दिसतं, दवाखान्यात ते जंतूंचं माहेरघर. पिवळ्या दिव्याखाली कावीळ कशी ओळखणार? चपला काढायला लावणं म्हणजे म्हाताऱ्यांना पाडायची सोय. जपानी लोक स्वतः असले दवाखाने बांधत नाहीत, हे सगळं फॅड. याने पेशंट बरा होतो याला पुरावा काय? आणि लेखातल्या उमेदा हॉस्पिटलबद्दल, ‘पांढऱ्या कापडाच्या पाट्या, त्याही हॉस्पिटलमध्ये! धुणार कोण? तुम्ही येणार का मॅडम?’ वर शेवटी, ‘परदेशात राहिलं की तिकडचा कचराही सोन्याचा दिसतो.’

आता मला सांगा, हे शेवटचं वाक्य लिहायची काय गरज होती? मुद्दे मांडा ना, वाट्टेल तेवढे मांडा. पण मी कुठे राहते यावरून मी काय बघू शकते हे तुम्ही ठरवणार, आणि वर ‘ताई, जरा ग्राउंड रिअ‍ॅलिटी शिका’ असंही म्हणणार. मी टोकियोत दवाखान्यांचं इंटिरियर करणाऱ्या एका छोट्या ऑफिसमध्ये काम करते, साइटवर हेल्मेट घालून उभी असते, इथल्या डॉक्टरांची बोलणी खाते, आणि ते तुमच्यापेक्षा फार गोड बोलतात असं नाही, पण निदान ड्रॉइंग बघून बोलतात. तुम्ही लेख अर्धाच वाचलाय हे तुमच्या कमेंटवरूनच कळतं.

एक मान्य करते, चपलांचं. दारात बूट काढून शेल्फात ठेवायचे आणि दवाखान्याच्या स्लिपर घालायच्या ही पद्धत गल्लीतल्या जुन्या क्लिनिकमध्ये अजून दिसते, आणि गुडघे दुखणाऱ्या आजीला दारातली पायरी चढून मागून उघड्या, गुळगुळीत स्लिपरमध्ये पाय सरकवायचा म्हणजे खरंच त्रास होतो. व्हीलचेअरचं तर विचारूच नका. म्हणूनच नवीन बांधलेल्या बऱ्याच क्लिनिकमध्ये हल्ली जमीन सपाट ठेवतात आणि लोक बुटांसकट आत जातात. हे मी लेखात लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. झालं?

आता ‘धुणार कोण’.

उमेदा हॉस्पिटल यामागुची प्रांतातल्या हिकारी गावात आहे, बाळंतपणाचं आणि लहान मुलांचं. 1998 साली केन्या हारा या जपानी डिझायनरनी तिथल्या पाट्या केल्या, खोली नंबर, विभागांची नावं वगैरे सगळं पांढऱ्या सुती कापडावर छापलेलं. कापडाच्या खोळी, साच्यावर ताणून बसवलेल्या, मळल्या की काढायच्या, धुवायच्या आणि परत चढवायच्या. प्लास्टिक किंवा स्टील वापरलं असतं तर डाग दिसले नसते, काम वाचलं असतं, हे हारांना कळत नव्हतं असं तुम्हाला वाटतं का? पटकन मळणारी वस्तू त्यांनी मुद्दामच निवडली. भारी हॉटेलात टेबलावर पांढराशुभ्र कपडा घालतात ते त्यावर काही सांडणार नाही म्हणून नाही, सांडलं तरी आम्ही तो रोज स्वच्छ ठेवतो हे गिऱ्हाईकाला न बोलता कळावं म्हणून, असं हारांनीच समजावलंय. आणि तिथे येणारी बाई आजारी नसते, बाळंतपणाला आलेली असते, तिला चार दिवस मऊ काहीतरी दिसावं हाही हिशोब त्यात आहे.

त्यामुळे डॉक्टर, ‘धुणार कोण’ हा आक्षेप होऊच शकत नाही, ती सगळी डिझाइनच त्या प्रश्नावर उभी आहे. ज्या हॉस्पिटलला खोळ धुवायला माणूस मिळत नाही त्या हॉस्पिटलमध्ये बेडशीट कोण धुतं? जो बेडशीट धुतो तोच खोळ धुवेल. आणि तोही नसेल तर पेशंटने पाटी बघून उलट्या पावली घरी गेलेलं बरं. तुम्हाला न मळणारी भिंत नको असते, मळ न दिसणारी भिंत हवी असते, आणि ह्या दोन गोष्टींतला फरक एका डॉक्टरला मी सांगायचा म्हणजे कमाल आहे.

आणि मला हे टोकियोत येऊन कळलं असं अजिबात समजू नका. माझे बाबा कराडजवळ जीपी होते. घराच्या पुढच्या दोन खोल्या म्हणजे दवाखाना, शाळेतून आले की मी पेशंटांच्या मधूनच घरात शिरायची. तपासायच्या खोलीला अर्ध्या उंचीचं दार आणि त्यावर पांढरा कापडी पडदा, दर रविवारी आई तो उतरवून धुवायची, नीळ घालायची आणि सोमवारी सकाळी कंपाउंडरकाका स्टुलावर चढून तो परत दोरीत ओवायचे. कोणीतरी बाबांना सांगितलं की अहो हिरवा नाहीतर चॉकलेटी करा, मळखाऊ. बाबा म्हणाले मळखाऊ पडदा पेशंटच्या घरी चालेल, माझ्याकडे नको. पेशंट बाकावर बसून तासभर त्या पडद्याकडेच बघत असतो, दुसरं बघायला असतं काय. तेव्हा ‘ग्राउंड रिअ‍ॅलिटी’ कृपा करून मला नका शिकवू, मी त्या ग्राउंडवर बसून डोसाच्या कागदी पट्ट्या कापलेल्या आहेत, बाटलीला चिकटवायच्या.

बाकीचं भराभर उरकते.

कावीळ. पिवळसर उबदार उजेड वेटिंगमध्ये असतो, तपासायच्या खोलीत पांढरा, रंग नीट दाखवणारा दिवा लावतात. लेखात ते चौथ्या फोटोखाली लिहिलंय. तुम्ही पेशंटला वेटिंगमध्ये बाकावरच तपासत असाल तर गोष्ट वेगळी.

जंतूंचं माहेरघर. तपासायच्या खोलीत कोणी तातामी, म्हणजे जपानी गवती चटई, घालत नाही हो! तिथे व्हिनाइल शीट असते, भिंतीला लागते तिथे गोलाई देऊन वर चढवलेली म्हणजे कोपऱ्यात घाण बसत नाही. तातामी असते ती मुलांच्या दवाखान्यातल्या वेटिंगमध्ये, गुडघ्याखालच्या उंचीचा एक ओटा करून, म्हणजे आई ओट्याच्या काठावर टेकते आणि पोरगं वर रांगतं. ती चटईही बऱ्याचदा खऱ्या गवताची नसते, वळलेल्या कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या धाग्याची असते, आणि संध्याकाळी पुसणारी बाई घट्ट पिळलेलं फडकं विणीच्या दिशेनेच फिरवते, आडवं फिरवलेलं मी तरी कधी पाहिलं नाही. एखाद्या पोराने ओकारी केलीच तर तेवढा चौकोन उचलून बाहेर काढायचा. कागदी दारांचंही तेच, दोन प्लास्टिकच्या थरांत वाशी हा जपानी कागद बंद केलेला असतो, ओल्या फडक्याने पुसता येतो.

फॅड. जुनिचिरो तानिझाकी या लेखकाने 1933 साली अंधार-उजेडावरच्या त्याच्या प्रसिद्ध निबंधात हेच रडगाणं गायलंय, की हॉस्पिटलच्या भिंती, कपडे, उपकरणं इतकी पांढरी आणि चकचकीत कशाला, जरा मऊ रंग असता तर पेशंट शांत झाला असता. अमेरिकेहून सगळी नवी यंत्रं घेऊन आलेला डेंटिस्ट त्याला कोणीतरी सुचवला तर त्याच्या अंगावर काटाच आला, आणि तो मुद्दाम जुन्या जपानी घरात दवाखाना चालवणाऱ्या गावाकडच्या डेंटिस्टकडे जात राहिला. म्हणजे नव्वद वर्षांचं फॅड. इथली मोठी हॉस्पिटलं ट्यूबलाइटवाली आणि कंटाळवाणी असतात हे मला माहीत आहे, तीन तास थांबा आणि तीन मिनिटं डॉक्टर बघा अशी इथे म्हणच आहे. मी छोट्या क्लिनिकबद्दल लिहिलं होतं. शीर्षकातच होतं.

पुरावा. रॉजर उलरिक या संशोधकाचा अभ्यास, 1984, ‘सायन्स’ या नियतकालिकात. पेनसिल्व्हेनियात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेले 46 पेशंट, निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची आणि निम्म्यांना विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार पेनकिलर कमी लागली. जपानी नाहीये, माहिती आहे, त्यावरून आता परत कमेंट करू नका.

खर्चाबद्दल बोलतच नाही, कारण तुम्ही आकडा दिलेला नाही, नुसतं ‘परवडणार आहे का कोणाला’ एवढंच लिहिलंय. मांजरपाटाची खोळ परवडत नाही असा दवाखाना मला दाखवा.

तुमची कमेंट काढणार नाही, राहू दे तिथेच. पुन्हा लिहाल तेव्हा नाव घाला, आणि ‘मॅडम’ किंवा ‘ताई’ यातलं एक काहीतरी ठरवा, एकाच कमेंटमध्ये दोन्ही म्हणजे टोमणा वाटतो. ओट्याची उंची आणि मापं ज्या नाशिकच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी विचारली होती त्यांना ड्रॉइंग पाठवलं आहे, स्पॅममध्ये गेलं असेल तर बघा प्लीज.