एसी थांबला तरी पंखा फिरतोय, म्हणून एमसीबी पाडू नका

उन्हाळा तापला की सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आलाय. मजकूर साधारण असा: ‘वायफायवाला एसी किंवा स्मार्ट थर्मोस्टॅट लावला असेल तर सावधान! कूलिंग थांबल्यावरही आतला पंखा फिरत असेल तर थर्मोस्टॅट खराब झालाय, नाहीतर कुणीतरी बाहेरून चालवतंय. हा पंखा एसीइतकंच बिल खातो. रोज रात्री एमसीबी (वीज तोडणारा खटका) पाडा किंवा थर्मोस्टॅटमधली पंख्याची वायर काढून टाका.’

मी सांगलीच्या विश्रामबागेत एसी दुरुस्तीचं काम करतो. पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असणार, पण यातला शेवटचा सल्ला एखाद्याच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान बघून कूलिंग चालू-बंद करणारा भाग, खराब झाल्याचा मुद्दा. स्प्लिट एसीत खोलीचं तापमान मोजणारा सेन्सर बहुतेक वेळा आतल्या युनिटमध्येच, हवा ओढली जाते त्या बाजूला फिल्टरमागे असतो. हवा त्याच्यावरून गेली नाही तर खोली किती तापली हे त्याला कळणार कसं? म्हणून २४ वर सेट केलेली खोली २४ ला आली की बाहेरचं युनिट शांत होतं आणि आतला पंखा हळू फिरत राहतो. हा बिघाड नव्हे, यंत्राची रचनाच तशी आहे.

दवाखाने, शोरूम, हॉटेलं यांत डक्टवाला (छतातल्या नळातून हवा सोडणारा) एसी आणि भिंतीवर थर्मोस्टॅट असतो. तिथे पंख्याची वेगळी सेटिंग असते. ‘ऑटो’ म्हणजे कूलिंगबरोबर चालू-बंद, ‘ऑन’ म्हणजे कायम चालू. काही स्मार्ट मॉडेलांत दर तासाला काही मिनिटं नुसती हवा खेळवायची सोयही असते. शिवाय कूलिंग थांबल्यावर कॉइलमध्ये (हवा गार करणाऱ्या नळ्यांमध्ये) उरलेला गारवा वापरायला पंखा थोडा वेळ मुद्दाम चालवला जातो. सफाई करताना कुणाचा तरी हात ‘ऑन’वर गेला आणि मालकाने नव्या थर्मोस्टॅटची ऑर्डर दिली, हे मी पाहिलंय.

खरा बिघाड ओळखायची साधी रीत आहे. पंखा ‘ऑटो’वर ठेवा, तापमान ३० वर न्या, दहा मिनिटं थांबा. डक्टवाल्या युनिटचा पंखा तरीही जोरात चालत असेल तर मोड पूर्ण ‘ऑफ’ करा. त्यानंतरही थांबत नसेल तर कुठेतरी रिलेचा (पंखा चालू-बंद करणाऱ्या आतल्या स्विचचा) कॉन्टॅक्ट चिकटलाय किंवा वायर दबून शॉर्ट झालीय. मग मेकॅनिकला सांगा की सप्लाय बंद करून थर्मोस्टॅट काढ आणि सप्लाय परत दिल्यावर तो नसताना पंखा चालतो का ते बघ. चालला, तर दोष बोर्डात किंवा वायरिंगमध्ये आहे, थर्मोस्टॅटवर पैसे घालवू नका.

रिमोटने एसी बंद केल्यावरही पंखा काही मिनिटं चालणं ही वेगळी गोष्ट. बऱ्याच नव्या एसीत ऑटो क्लीन असतं. कूलिंगच्या वेळी कॉइल ओली होते, ती वाळवायला पंखा फिरतो आणि आपणहून थांबतो. पावसाळ्यानंतर नदीकाठच्या घरांतले एसी मी उघडतो तेव्हा ब्लोअरच्या पात्यांवर काळी, बुळबुळीत बुरशी बसलेली असते. बोट फिरवलं की काळं होतं, आणि तीच हवा लेकरं रात्रभर घेतात. त्या दहा मिनिटांच्या वाळवणीवर एमसीबी पाडायला सांगणं मला पटत नाही.

बिलाचं गणित थोडक्यात. आतल्या पंख्याला साधारण ३० ते ६० वॅट लागतात. ५० वॅट धरले तर एक युनिट जळायला २० तास. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात दीड हजार वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे तेच युनिट चाळीस मिनिटांत. डक्टवाल्याचा पंखा मोठा असतो, तरी कॉम्प्रेसरच्या बरोबरीला येत नाही. एक गोष्ट मात्र मान्य: पावसाळ्यात पंखा सतत ‘ऑन’ ठेवला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत मिसळतं आणि खोली दमट होते. त्या दिवसांत ‘ऑटो’च ठेवा.

‘कुणीतरी बाहेरून चालवतंय’ हे वाचून म्हातारी माणसं खरोखर घाबरतात. मिरजेतल्या एका दवाखान्यात डॉक्टरांच्या मोबाइलवर एसी ‘बंद’ दिसायचा आणि पंखा चालू. तिथे जुन्या एसीवर इन्फ्रारेडचा स्मार्ट कंट्रोलर होता. असा कंट्रोलर फक्त हुकूम सोडतो, एसी त्याला उलट काही कळवत नाही. रिसेप्शनवरच्या ताई जुना रिमोट वापरायच्या, ते अ‍ॅपला कळणार कुठून? तेव्हा आधी जुना रिमोट कोणाकडे आहे ते विचारा. मग अ‍ॅपमधलं वेळापत्रक, एसीचा स्वतःचा टायमर आणि घराजवळ येताच सुरू होण्याची सेटिंग तपासा. अकाउंटमध्ये अनोळखी कोणी दिसलं तर काढा आणि पासवर्ड बदला.

आता एमसीबी. ऑटो रिस्टार्ट असलेला एसी चालू असताना सप्लाय तोडला, तर सप्लाय येताच तो आपणहून सुरू होतो. वळवाच्या पावसात लाइट जाऊन आल्यावरही हेच होतं. म्हणजे मेसेजमधला उपायच नवी भीती तयार करतो. आधी रिमोटने बंद करा, पंखा थांबू द्या, मग हवं तर स्विच बंद करा. जळका वास किंवा ठिणगी असेल तर मात्र क्षणभरही न थांबता एमसीबी पाडा.

वायर काढायचा सल्ला सगळ्यात घातक. तो अमेरिकन व्हिडिओंवरून आलेला दिसतो. तिकडच्या घरांत थर्मोस्टॅटला बहुधा २४ व्होल्ट असतात. आपल्याकडे डक्टवाल्या आणि फॅन कॉइल युनिटच्या (मोठ्या इमारतींत गार पाण्यावर चालणारी) बऱ्याच थर्मोस्टॅटमध्ये थेट २३० व्होल्ट येतात. स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकण उघडू नका. आणि वायर सुखरूप निघाली तरी कूलिंग चालू राहून पंखा बंद पडला, की कॉइलवर बर्फ धरतो, वितळून छतातून पाणी गळतं आणि वायूऐवजी द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरकडे जाऊन तो मरू शकतो.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा तीन गोष्टी सांगा: मोड कोणता, पंखा ‘ऑटो’वर की ‘ऑन’वर, आणि त्या वेळी बाहेरचं युनिट चालू होतं का बंद. निम्मं निदान फोनवरच होतं.